चौथ्या मजल्यावरची कडी

एखाद्या समाजाची संस्कृती त्याच्या देवळांवरून नव्हे, वाङ्मयावरूनही नव्हे, तर त्याच्या संडासाच्या कडीवरून ओळखावी, असं सेगावासाहेबांचं ठाम मत होतं. आत बसलेल्याला निर्धास्तपणा आणि बाहेर उभ्या असलेल्याला खात्री, या दोन खांबांवर सगळं नागरी जीवन तोललेलं आहे, असं ते म्हणत. हे मत त्यांना झालं त्या दिवशी मंगळवार होता. सोमवारपर्यंत त्यांना कडीबद्दल कसलंही मत नव्हतं आणि चार वर्षं ते बिनकडीच्या संडासात सुखाने जात होते.

साप्पोरोच्या सुसुकिनोत, जिथे एकेका इमारतीत तीस-तीस बार माळ्यावरच्या डब्यांसारखे रचून ठेवलेले असतात, तिथल्या ‘तिसरी हाकुचो’ नावाच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर साहेबांचा बार होता. पहिली आणि दुसरी हाकुचो कुठे होत्या, हे कुणी विचारत नसे. बारचं नाव ‘हिदामारी’, म्हणजे कोवळ्या उन्हाची जागा. बारला खिडकी नव्हती. आठ खुर्च्या होत्या, आणि त्यांतल्या सहा भरल्या की साहेब ‘आज फार गर्दी’ असं घरी सांगत. त्याआधी तीस वर्षं ते प्रभागाच्या सांडपाणी खात्यात होते. स्वेच्छानिवृत्ती घेऊन बार काढायचा विचार त्यांनी मांडला तेव्हा खात्यातले लोक हसले नव्हते, हे साहेबांना जास्त लागलं होतं. हसण्याइतकीही कुणाला आशा वाटली नव्हती.

चौथ्या मजल्यावर सहा बार आणि संडास एक. त्याची कडी अकरा वर्षांपूर्वी मोडली. ती दुरुस्त करण्याऐवजी मजल्याने एक सोपी रीत पाडून घेतली होती: आत जाणाऱ्याने गायचं. गाणं ऐकू आलं की आत माणूस आहे, थांबलं की हात धुतोय. प्रत्येकाचं गाणं ठरलेलं. सगळ्यांत जुन्या बारच्या मालकीण मात्सुए मावशी, वय चौऱ्याहत्तर, बंदरात नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बायकोचं काहीतरी रडवं म्हणत. समोरचे हिगाशियामा जुन्या तबकड्या वाजवणारा बार चालवत आणि स्वतःला रसिक समजत. ते तोंडाने तुतारी वाजवत. सेगावासाहेबांना गाणं येत नव्हतं. ते प्रभागाचं समूहगीत म्हणत, तिन्ही कडवी, सावधान स्थितीतल्या आवाजात.

मंगळवारी मुलीचा फोन आला. चिनात्सु एकतीस वर्षांची, तोक्योत नोकरीला. तिने लग्न ठरवलं होतं, म्हणजे तिच्या बाजूने ठरवलं होतं. मुलगा हाकोदातेचा, आइझावांचा. आईवडील शनिवारी साप्पोरोला येणार होते.

“हॉटेलात जेवायला नेऊ,” साहेब म्हणाले.

“बाबा, त्यांना तुमचा बार बघायचाय. मी सांगितलंय तुम्ही आतिथ्य क्षेत्रात आहात.”

“क्षेत्रात?”

“मग काय सांगू? आठ खुर्च्यांवर आहात म्हणून? आणि बाबा, त्याच्या आई चहाविधी शिकवतात. फार नीटनेटक्या. त्यांचं मत पडलं की घरात तेच कायम. सांभाळा हं.”

फोन ठेवल्यावर बायको फुमिए भांडी पुसता पुसता म्हणाली, “अहो, आणि त्यांना मधेच जायला लागलं तर?”

“कुठे?”

“कुठे काय! जायला.”

सेगावासाहेबांच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. किमोनोतली, चहाविधी शिकवणारी विहीण आत बसली आहे. तिला गायचं असतं हे ठाऊक नाही. विमा कंपनीचं एक तर्र गिऱ्हाईक दार उघडतं. लग्न मोडतं. चिनात्सु जन्मभर तोंड बघत नाही. ते खुर्चीवर बसले आणि मघाशी सांगितलेलं ते संस्कृतीबद्दलचं मत त्यांना त्या क्षणी झालं.

दुसऱ्या कुठल्या देशात माणूस दुकानात गेला असता, कडी आणली असती, चार स्क्रू पिळले असते. पण सेगावासाहेब तीस वर्षं सरकारात होते आणि सहा बारच्या सामाईक दाराला कुणालाही न विचारता स्क्रू मारणं म्हणजे काय, हे त्यांना कळत होतं. त्यांनी परिपत्रक काढलं. विषय: ‘कडीबाबत’. फळीला लावून ते सहाही दारांतून फिरवलं. प्रत्येकाने वाचून शिक्का मारायचा.

फळी दोन दिवसांनी परत आली. सहाही शिक्के होते. म्हणजे सगळ्यांनी वाचलं होतं. सगळ्यांना मान्य आहे असा त्याचा अर्थ नव्हता आणि अमान्य आहे असाही नव्हता. ते समजून घ्यायला प्रत्येकाच्या दारात जाऊन हवापाण्याच्या गप्पा मारणं भाग होतं.

“कडी चांगलीच हो,” हिगाशियामा म्हणाले. “पण अकरा वर्षांत या मजल्यावर एक सूर लागलाय. तुम्ही तो बंद पाडणार. माझं एक गिऱ्हाईक केवळ आतल्या घुमण्यासाठी येतं.”

“म्हणजे तुमचा विरोध आहे?”

“छे छे! विरोध कसला! वाईट वाटतंय एवढंच. करा तुम्ही.”

मात्सुए मावशींनी चहा दिला. “कर रे बाबा, पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे. फक्त सुतार आपला इगारी घे हो. तीस वर्षं त्याची बाटली माझ्या फडताळावर नाव लिहून ठेवलेली आहे. दुसरा सुतार आणलास तर मी त्याला तोंड कसं दाखवू?”

“पण मावशी, इगारीसान देवळांची कामं करतात.”

“मग बरंच की. देवळाला दार नसतं?”

इमारतीचे व्यवस्थापक त्सुकुदा तळमजल्यावर हीटरला चिकटून बसत. त्यांनी ऐकून घेतलं, श्वास दातांतून आत ओढला आणि मान एका बाजूला कलती केली. हा इथला नकार; हे ज्याने पाहिलंय त्याला पुढचं ऐकायची गरज नसते. “दार मजल्याचं,” ते म्हणाले. “कडीसुद्धा मजल्याची. पण कडीचा दांडा ज्या भोकात जाणार, ते भोक चौकटीत. चौकट मालकाची. भोकाला परवानगी लागेल. आणि मालक परवानगी देतील ती प्रभागाच्या कचेरीतून नकाशावर नोंद झाली तरच.”

सेगावासाहेब उत्साहाने कचेरीत गेले. ती त्यांची मायभूमी होती. खिडकीमागच्या माणसाने नकाशा काढला, बोट फिरवलं आणि थांबला.

“चौथ्या मजल्यावर संडास नाही.”

“आहे. मी रोज जातो.”

“कागदावर तिथे कपाट आहे. झाडू-बादलीचं.”

“चूक झाली असेल कुणाचीतरी.”

“असेल. सांडपाणी खात्याने तपासून शिक्का मारलाय, एकतीस वर्षांपूर्वी.” त्याने चष्मा वर सरकवून शिक्का वाचला. “सेगावा.”

सत्तावीस वर्षांच्या त्या तडफदार सेगावाने कुठल्याशा दुपारी, जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं असताना, तो शिक्का मारला असणार. किंचित डावीकडे कललेला. वरिष्ठांच्या मोठ्या शिक्क्यापुढे नम्रपणे वाकलेला. अगदी नियमानुसार.

“हे आडनाव बरंच आढळतं,” सेगावासाहेब म्हणाले.

“हो ना,” तो माणूस म्हणाला. तो चांगल्या घरचा होता. “मग असं करू. कपाटाच्या दाराला कडी, असा अर्ज द्या. कुठल्या बाजूने?”

“आतून.”

त्याने लेखणी खाली ठेवली. “कपाट आतून लावायचं?”

“हो.”

“झाडूंना?”

सेगावासाहेबांनी तीस वर्षांच्या सेवेत जमवलेला सगळा आब गोळा केला आणि म्हणाले, “खाजगी कारणासाठी.” अर्जावर तेच लिहिलं गेलं. तो आजही तिथे आहे.

मग कामाच्या आधीचं सांगणं. खटखट होणार, त्रास होणार, तेव्हा आगाऊ माफी म्हणून शेजारी एकेक टॉवेल आणि मिठाईचा डबा द्यायचा असतो. काम वीस मिनिटांचं होतं. साहेबांनी मजल्यावर पाच डबे दिले, आणि आवाज जातो म्हणून वर-खाली दोन. घेणाऱ्यांना अवघडल्यासारखं झालं, म्हणून त्यांनी उलट काहीतरी पाठवलं. शुक्रवारपर्यंत ‘हिदामारी’त लोणच्याचे तीन बुधले, पाच किलो बटाटे आणि एक आख्खा सुकवलेला मासा येऊन पडला होता. फुमिए म्हणाली, “आता याची परतफेड कधी?” साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा भांडी पुसायला लागली.

इगारी सुतार एक्याऐंशी वर्षांचे. त्यांनी पंचांग पाहिलं आणि आठवड्यात शुभ दिवस एकच निघाला, शनिवार. म्हणजे ज्या संध्याकाळी सहाला पाहुणे येणार, त्याच दुपारी चारला कडी. आणि ती साधी नव्हती. बाहेरून लहानशी खिडकी, तिच्यात पट्टी फिरणार: एक लाल, एक निळी. सेगावासाहेबांनी ती मुद्दाम निवडली होती. गाणं नको, टकटक नको. पाहिलं की कळलं.

पाचला उद्घाटन झालं. उद्घाटन नको असं साहेब म्हणत होते, पण देवळाचा सुतार शुद्धीसाठी मीठ टाकल्याशिवाय हत्यार उचलत नाही आणि साके शिंपडल्याशिवाय ठेवत नाही. सहाही मालक बोळात ओळीने उभे राहिले. इगारी आत गेले, दार लोटलं, आणि आतून कडी फिरवली. खट्ट! असा घनगंभीर आवाज आला की सगळे आपोआप कमरेत वाकले, आणि ती उलट फिरवून ते बाहेर येईपर्यंत वाकलेलेच होते. त्या वेळी एकाचंही डोकं वर असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

“आता पहिलं कुणी जायचं?” मात्सुए मावशींनी विचारलं.

“अर्थात तुम्ही मावशी. वयाने मोठ्या.”

“छे बाई! ज्याने एवढी खटपट केली त्याने.”

“मी? तुमच्याआधी? हिगाशियामासान, तुम्ही.”

“माझी काय पात्रता!”

दहा मिनिटं असं चाललं. शेवटी कुणीच गेलं नाही. दार हलकेच लोटून घेतलं आणि सगळे आपापल्या बारमध्ये परतले. इगारी मावशींकडे गेले, आपली बाटली मागवली आणि दोन पेल्यांत बसल्या जागी झोपले.

आइझावा दांपत्य सहाला पाच मिनिटं असताना आलं. विहीणबाई राखाडी किमोनोत, पाठ अशी ताठ की तिच्यावर भिंत तपासून घ्यावी. व्याहीबुवा चाळीस वर्षं रेल्वेत सिग्नलवर होते. ते बोलत नसत. सुकवलेल्या मासळीची भेट त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केली. आधीच्या माशाला जोडी झाली. चिनात्सु आणि तिचा तो मुलगा खुर्च्यांवर परीक्षेला बसल्यासारखे बसले.

“छान जागा आहे,” विहीणबाई म्हणाल्या. “शांत.”

शनिवारी संध्याकाळी बार शांत असणं ही स्तुती की टोमणा, यावर साहेब विचार करत असतानाच फुमिएने गरम चहा ओतला. मग साके. मग पुन्हा चहा. पाऊण तासाने विहीणबाई फुमिएच्या कानाशी लागल्या. फुमिए उठली. हीच ती घटका.

दोघी गेल्या आणि लगेच परत आल्या. “आत कुणीतरी आहे,” फुमिए म्हणाली. “रांग आहे.”

साहेब स्वतः बोळात गेले. दारावर लाल पट्टी झळकत होती. दारापुढे एक दंतवैद्य, त्यांच्यामागे विमा कंपनीचे दोघे, मग हिगाशियामा. सगळे शिस्तीत, दारापासून सभ्य अंतरावर, भिंतीकडे पाहत.

“किती वेळ झाला?”

“मी येऊन वीस मिनिटं,” दंतवैद्य दबक्या आवाजात म्हणाले. “माझ्या आधीपासून लाल आहे.”

“टकटक केलीत?”

“लाल असताना? आतल्याला काय वाटेल!”

“गाणंही नाही येत,” विमावाला म्हणाला.

“कडी असताना कशाला गाईल?” हिगाशियामा कडवटपणे म्हणाले. “आता काय, आत माणूस मेला तरी कळायचं नाही. प्रगती आहे.”

विहीणबाई रांगेत पाचव्या उभ्या राहिल्या. साहेबांनी त्यांना पुढे करायचा प्रयत्न केला. रांग आनंदाने बाजूला झाली, पण त्या तयार होईनात. “नियम तो नियम,” त्या म्हणाल्या. पाच मिनिटांनी व्याहीबुवाही बाहेर आले, दोन्ही हात मागे बांधून दारापुढे थांबले आणि पट्टीकडे बराच वेळ पाहत राहिले.

“चांगली आहे,” ते म्हणाले. संध्याकाळचं त्यांचं हे पहिलं वाक्य. “लांबून दिसते.”

“मीच बसवून घेतली,” सेगावासाहेब म्हणाले, आणि आठवड्यात पहिल्यांदा त्यांना आपण माणूस आहोत असं वाटलं.

“लाल म्हणजे लाल,” व्याहीबुवा म्हणाले. “चाळीस वर्षांत माझ्या लालपुढे एक गाडी गेली नाही.”

पण लाल जाईना. मात्सुए मावशी आल्या आणि त्यांनी मजल्याची शिरगणती काढली. “माझी चारही माणसं बसलीत, इगारी धरून. हिगाशियामा, तुझी?”

“तीन. तिघंही आहेत.”

“पलीकडे?”

सहाही बार मोजले. सगळ्यांची सगळी माणसं जागेवर किंवा रांगेत होती.

“म्हणजे आत बाहेरचा आहे,” मावशी म्हणाल्या, आणि सगळे आणखी गंभीर झाले. बाहेरचा म्हणजे पाहुणा. पाहुण्याला तर मुळीच घाई करता येत नाही.

“पोट बिघडलं असेल बिचाऱ्याचं.” विमावाल्याने खिशातून पोटाच्या गोळ्यांची पुडी काढली. ती दाराच्या फटीखालून हळूच आत सरकवली. सगळे श्वास रोखून थांबले. पुडी परत आली नाही.

“घेतली!” दंतवैद्य म्हणाले. “आहे हो आत.”

शंकेला जागा उरली नाही. मावशींनी एक कागदी रुमाल आत सरकवला. तोही घेतला गेला.

आता दंतवैद्य येऊन पंचावन्न मिनिटं झाली होती. विहीणबाईंची पाठ ताठच होती, पण चेहरा चहाविधीत पाणी उकळायला वेळ लागला की होतो तसा झाला होता. बोलणं एकेका शब्दावर आलं होतं.

“बाई, समोर चोवीस तासांचं दुकान आहे,” साहेब काकुळतीने म्हणाले. “मी छत्री धरतो.”

“बर्फ,” त्या म्हणाल्या.

“पाचव्या मजल्यावर…”

“तिथे तरुण मुलगे बायकांना दारू पाजतात. येताना पाटी वाचली.”

“माझी फार मोठी चूक झाली.” साहेब कमरेत वाकले. त्यामागोमाग सगळी रांग वाकली, का ते माहीत नसताना.

चिनात्सु दारातून पाहत होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. लग्न त्या दारामागच्या अनोळखी पोटात अडकून पडलं होतं. तीस वर्षांत त्यांनी शहरातली केवढी केवढी गटारं मोकळी केली होती.

तेवढ्यात जिन्यावरून बर्फवाला कुमागाई आला. खांद्यावर गोणपाटात बर्फाची लादी. बावीस वर्षं तो या इमारतीला बर्फ घालत होता. फळीवरचं परिपत्रक त्याच्याकडे कधी गेलंच नव्हतं, कारण तो मजल्याचा नव्हता. त्याने लादी भिंतीशी टेकवली, सगळ्यांना “गार आहे हं आज!” म्हणाला, रांगेच्या बाजूने चालत गेला आणि दार ओढलं.

दार उघडलं. तो आत गेला, दार लागलं, आणि आतून त्याचं नेहमीचं गाणं सुरू झालं, मासे पकडायला गेलेल्या नावेचं. खट्ट! नवी कडी पाहून त्याने ती फिरवलीही. बाहेरची पट्टी निळी झाली.

आतून मधेच गाणं थांबवून कुमागाई ओरडला, “इथे गोळ्या कुणी टाकल्यात?”

मात्सुए मावशी तरातरा जाऊन इगारींना दंडाला धरून घेऊन आल्या. “अरे देवळातल्या सुतारा! आत कुणी नसताना लाल कशी?”

इगारींनी डोळे चोळले, पट्टी पाहिली, आणि यात काय चुकलं ते त्यांना कळेना. “उघडं आहे म्हणून लाल,” ते म्हणाले. “देवळाची कमान लाल असते, म्हणजे काय? या. गुत्त्यावर लाल कंदील लागला म्हणजे? चालू आहे, या. रिकाम्या टॅक्सीचा दिवा कसला असतो? लाल. पन्नास वर्षं या सुसुकिनोत मी लाल पाहिलं की आत शिरतोय. तुम्ही थांबलात कशाला?”

बोळाच्या टोकाच्या खिडकीबाहेर, खालच्या रस्त्याला, दोन्ही बाजूंनी लाल कंदील लागले होते आणि त्यांखालून माणसं बेधडक आत शिरत होती.

“रेल्वेत तसं नसतं,” व्याहीबुवा शेवटी म्हणाले. ते जरा दुखावले होते.

कुमागाई हात पुसत बाहेर आला. या खेपेस विहीणबाईंनी नियमाचं नाव काढलं नाही. रांगेने वाट दिली. दार लागलं, पट्टी निळी झाली नाही, लालच राहिली. साहेबांचा जीव पुन्हा टांगणीला लागला. आतून मोठ्याने खाकरल्याचा आवाज आला. जरा वेळाने पुन्हा एकदा.

त्या बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर चहाविधी परत आला होता. जूनमधला एखादा शुभ दिवस बघायला हरकत नाही, असं त्या फुमिएला म्हणाल्या. इगारींना त्यांनी पंचांग विचारलं. चिनात्सु आत पळाली. रडायला की हसायला ते कळलं नाही.

“पण बाई,” सेगावासाहेबांना राहवेना, “तुम्ही कडी लावली नाहीत?”

“सवय नाही हो,” विहीणबाई म्हणाल्या. “आमच्या घरची एकोणीस वर्षांपूर्वी मोडली. आम्ही खाकरतो.”